अनोनी : कव्हरवर चेहरा दुसऱ्याचा

मराठीत तिच्याविषयी लिहायला बसलं की पहिल्याच वाक्याला गाडी अडते. 'गातो' लिहायचं की 'गाते'? इंग्रजीत 'सिंग्स' म्हटलं की निभावतं, बाई की बुवा हा प्रश्न पुढच्या सर्वनामापर्यंत लांबवता येतो. आपली भाषा ती सवलत देत नाही. आदरार्थी 'गातात' लिहून सुटता येईल, पण ती पळवाट झाली. तेव्हा आधीच सांगून टाकते, अनोनी गाते. २०१५ पर्यंत तिच्या रेकॉर्डवर अँटनी हे पुरुषाचं नाव होतं. ब्रिटनचं मानाचं मर्क्युरी प्राइझ मिळालं तेही त्याच नावाने. तेव्हाच्या बातम्या काढून बघा, सगळीकडे 'तो' सापडेल. जवळच्या माणसांत मात्र ती आधीपासूनच 'ती' होती. २०१५मध्ये तिने जवळच्यांतलं नाव सगळ्यांसाठी खुलं केलं, इतकंच.

आपल्या मंडळींपैकी फार जणांनी तिला ऐकलं असेल असं मला वाटत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात वाजेल असं हे संगीत नव्हे. पियानो, थोडी व्हायोलिन्स, चेलो आणि त्यावर एक कापरा, भरदार आवाज. पहिल्यांदा ऐकताना हा आवाज बाईचा की पुरुषाचा, काळ्या माणसाचा की गोऱ्याचा, तरुण की म्हातारा, काही म्हणजे काही कळत नाही. सहा महिन्यांसाठी इथे आलेल्या माझ्या सासूबाईंना मी एक गाणं ऐकवलं. त्या दोन मिनिटं शांत बसल्या आणि म्हणाल्या, "बालगंधर्वांसारखं का गं हे?" प्रश्न अगदी आपल्या घरातला होता. पण उत्तर नाही असंच द्यावं लागलं. नारायणराव राजहंस रंगमंचावर शालू नेसत आणि पडदा पडला की ती भूमिका संपे. अनोनीचं बरोबर उलट आहे. पडद्यामागे ती बाईच होती, आणि समोर बसलेले लोक मात्र कितीतरी वर्षं तिला पुरुष समजून टाळ्या वाजवत होते. बाईचा आवाज काढायचा म्हणूनही ती गात नाही. जो आहे त्याच गळ्यातून गाते.

तिचा जन्म १९७१चा, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या चिचेस्टर गावातला. लहानपणीच कुटुंब आधी ॲमस्टरडॅमला गेलं आणि १९८१च्या सुमारास कॅलिफोर्नियात आलं. म्हणजे आपल्या मुलांसारखीच, आई-वडिलांच्या बॅगांबरोबर देश बदललेली पोर. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये बॉय जॉर्ज नावाचा गायक गाजत होता, रंगवलेला चेहरा, वेण्या, झगे. त्याच्या रेकॉर्डच्या कव्हरवरचा चेहरा पाहून या मुलीला आपण स्वतःलाच पाहतोय असं वाटलं होतं. कव्हरवरच्या चेहऱ्याची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९०मध्ये ती न्यूयॉर्क विद्यापीठात प्रायोगिक नाटक शिकायला आली. तेव्हाचं मॅनहॅटन म्हणजे आपण पाहुण्यांना फिरवतो ते चकचकीत मॅनहॅटन नव्हे. एड्सने शहराच्या एका अख्ख्या पिढीतले नर्तक, गायक, फोटोग्राफर, शिंपी, नट उचलून नेले होते आणि अजून नेत होता. ज्यांच्याकडून शिकायचं ते वडीलधारे लोकच उरले नव्हते. ईस्ट व्हिलेजमध्ये अव्हेन्यू एवर पिरॅमिड क्लब नावाची एक अंधारी जागा होती. तिथे १९९२पासून दर सोमवारी मध्यरात्री उलटल्यावर अनोनी आणि तिच्या मैत्रिणींची 'ब्लॅकलिप्स' ही मंडळी नाटकं करायची. दर आठवड्याला नवीन. पैसा नाही, सेट नाही, खोटं रक्त मात्र बादलीभर. कथा बहुतेक मरणाच्या, भुताखेतांच्या, जगबुडीच्या, आणि तरी विनोदी. हे १९९५पर्यंत चाललं. परफॉर्मन्स आर्ट म्हणजे नक्की काय असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन की नाटक आणि नवस यांच्या मधलं काहीतरी, ज्यात करणाऱ्याचं शरीरच गोष्ट सांगत असतं. गाणं हा त्यातला एक भाग होता. नाटकं थांबली, गाणं उरलं.

मग तिने बँड बांधला आणि त्याला नाव दिलं 'अँटनी अँड द जॉन्सन्स'. हे जॉन्सन्स कोण? बँडमध्ये जॉन्सन आडनावाचं कुणीच नव्हतं. ते नाव मार्शा पी. जॉन्सनचं.

इथे न्यू जर्सीकरांसाठी जरा थांबते. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून आपण न्यूयॉर्कला जायची लोकल पकडतो, ती राहवे, लिंडन करत एलिझाबेथला थांबते. त्या एलिझाबेथ शहरात १९४५मध्ये मार्शाचा जन्म झाला. काळी, गरीब, मुलगा म्हणून जन्मलेली. शाळा संपवून ती थोडेसे पैसे आणि कपड्यांची पिशवी घेऊन न्यूयॉर्कला गेली. केसांत फुलं माळायची, अगदी भरपूर, एखाद्या नवरीसारखी. नावातला 'पी' कशाचा असं विचारलं की सांगायची, 'पे इट नो माइंड'. म्हणजे, त्याकडे लक्ष देऊ नका. 'ट्रान्सजेंडर' हा शब्द तेव्हा रुळलेला नव्हता, ती स्वतःला ड्रॅग क्वीन म्हणायची. १९६९मध्ये ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटून उभे राहिले, त्या लोकांत ती होती. पुढच्याच वर्षी सिल्व्हिया रिव्हेराबरोबर तिने रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी संघटना काढली. अँडी वॉरहॉलने तिची चित्रं केली, ती महाग विकली गेली, तिच्या डोक्यावर मात्र धड छप्पर नव्हतं. १९९२च्या जुलैमध्ये तिचा मृतदेह हडसन नदीत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाइल बंद केली. मैत्रिणींनी ते कधीच मान्य केलं नाही, आणि वीस वर्षांनी, २०१२मध्ये, ती फाइल पुन्हा उघडावी लागली. वय होतं ४६. जर्सी सिटीत राहणारी आपली कितीतरी मुलं रोज पाथ ट्रेनने त्याच नदीखालून ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरतात.

त्याच वर्षी पिरॅमिड क्लबमध्ये ब्लॅकलिप्स सुरू झालं होतं. अनोनीच्या पहिल्या अल्बममधलं 'रिव्हर ऑफ सॉरो' हे गाणं मार्शावर आहे. तो अल्बम २०००मध्ये निघाला, तोही अमेरिकेत नाही. डेव्हिड टिबेट या इंग्रज संगीतकाराने आपल्या छोट्याशा कंपनीतून काढला. खपला यथातथाच.

नशीब फिरलं ते लू रीडमुळे. न्यूयॉर्कच्या रॉक संगीताचा हा खडूस म्हातारा, कुणाला चांगलं म्हणेल तर शपथ. निर्माता हाल विल्नरने त्याला अनोनीची एक छोटी रेकॉर्ड ऐकवली, आणि लू रीडने तिला २००३च्या आपल्या अल्बममध्ये आणि मग दौऱ्यावरही सोबत घेतलं. त्या मैफलींत तिला तो 'कँडी सेज' गायला लावायचा. हे गाणं त्याने साठच्या दशकात कँडी डार्लिंगवर लिहिलेलं. कँडी ही वॉरहॉलच्या सिनेमांतली नटी, मुलगा म्हणून जन्मलेली, हॉलिवुडच्या जुन्या नायिकांसारखी दिसायचं ध्यास घेतलेली. १९७४मध्ये कर्करोगाने गेली तेव्हा ती अवघी २९ वर्षांची होती. एका बाईने जिवंतपणी सोसलेलं, दुसऱ्याने गाण्यात लिहिलेलं, तिसरीच्या गळ्यात तीस-पस्तीस वर्षांनी आलं. आपल्याकडे घराण्याची चीज अशी पोचते.

२००५मध्ये 'आय ॲम अ बर्ड नाऊ' आला. त्याच्या कव्हरवर गायिकेचा फोटो नाही. पीटर हुजारने १९७३मध्ये काढलेला कँडीचा फोटो आहे, इस्पितळातल्या पलंगावर, भोवती फुलं, पूर्ण मेकअप केलेला, मरणाला भेटायला तयार होऊन बसलेली. पुढे हुजार स्वतः १९८७मध्ये एड्सने गेला. अल्बममधलं पहिलंच गाणं 'होप देअर्ज समवन'. मी मरेन तेव्हा जवळ कुणी असेल का, या भीतीचं. परदेशात एकट्याने तापाने फणफणलेली रात्र काढलेल्या कुणालाही हे गाणं समजवावं लागत नाही. अल्बममध्ये लू रीड आहे, आणि 'यू आर माय सिस्टर' या गाण्यात तिच्याबरोबर गायला कोण, तर बॉय जॉर्ज. लहानपणी कव्हरवर पाहिलेला तोच.

त्या सप्टेंबरात या अल्बमला मर्क्युरी प्राइझ मिळालं. समोर कोल्डप्ले होते, कायझर चीफ्स होते, एम.आय.ए. होती. लगेच कुरकुर सुरू झाली की हा तर अमेरिकन, याला ब्रिटिश बक्षीस कसं? जन्म चिचेस्टरचा, पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून नियमात बसत होतं. पण वीसेक वर्षं अमेरिकेत काढलेली, आवाजात हार्लेम आणि जुनं सोल संगीत मुरलेलं. 'नक्की कुठली' हा प्रश्न आपल्याला काही नवा नाही. भारतात गेलो की अमेरिकावाले, इथे आलो की इंडियन. तिने स्वतः बक्षीस घेताना गंमत केली की, ही स्पर्धा म्हणजे संत्रं, अंतराळयान, कुंडीतलं झाड आणि चमचा यांच्यात कोण सरस हे ठरवण्यासारखं आहे.

बक्षिसानंतर एखाद्याने चार सोपी गाणी काढून दुकान थाटलं असतं. हिने 'टर्निंग' केलं. चार्ल्स ॲटलस या चित्रपटकाराबरोबर तिने हा प्रयोग उभा केला होता आणि २००६मध्ये तो युरोपभर फिरवला, लंडनच्या बार्बिकनमध्येही झाला. न्यूयॉर्कच्या तेरा जणी, काही ट्रान्स, काही नाही. एकेक जण रंगमंचावरच्या फिरत्या चौथऱ्यावर उभी राहते आणि सावकाश गोल फिरते, बाकी काहीच करत नाही. ॲटलस कॅमेऱ्यातून तिचा चेहरा तिथल्या तिथे मोठ्या पडद्यावर मिसळत राहतो. अनोनी बाजूला अंधारात गात असते. ऐकायला कंटाळवाणं वाटेल. मी फिल्म पाहिली तेव्हा पहिली दहा मिनिटं मलाही वाटलं. मग लक्षात आलं की एखाद्या बाईकडे, तिने काहीही न करता, इतका वेळ नुसतं बघायची आपल्याला सवयच नाही. आपण लगेच ठरवतो, ही कोण, कशी. इथे ठरवायला वेळ पुरून उरतो आणि तरी ठरत नाही.

२००९च्या 'द क्राइंग लाइट'च्या कव्हरवरही तिचा फोटो नाही. तिथे काझुओ ओनो आहे, जपानच्या बुतो नृत्यातला थोर नर्तक. चेहरा पांढरा रंगवून, बायकी झगा घालून, कधी तरुणी तर कधी मरणासन्न म्हातारी होऊन हा माणूस नाचायचा. एका स्पॅनिश नर्तिकेच्या आठवणीवरचं त्याचं सगळ्यात गाजलेलं नृत्य त्याने सत्तरी ओलांडल्यावर बसवलं. अनोनीने मुलगी असताना फ्रान्समधल्या एका गावात त्याचं पोस्टर पाहिलं होतं आणि घरी नेऊन पलंगावर लावलं होतं. अल्बम त्यालाच अर्पण केलेला आहे. ओनो २०१०मध्ये १०३ वर्षांचा होऊन गेला.

हे वय मी मुद्दाम लिहिलं. गेल्या गणपतीत आमच्या ओळखीच्या एक काकू आरती झाल्यावर मला बाजूला घेऊन बसल्या. त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या लेकराने फोनवर सांगितलं होतं की मला यापुढे मुलगी म्हणून हाक मारा. काकू रागावलेल्या नव्हत्या. लोक काय म्हणतील हेही त्यांनी एकदाच म्हटलं, सवयीने. मग बराच वेळ प्रसादाची वाटी हातात धरून म्हणाल्या, "अशी माणसं म्हातारी होतात का गं?"

मी काय उत्तर देणार? कँडी २९, मार्शा ४६. हे आकडे मला पाठ होते, ते काही सांगण्यासारखे नव्हते. ओनोचं उदाहरण खरं तर चालणारं नाही, कारण तो नाचताना बाई होई, जगताना नाही. पण अनोनी पन्नाशी ओलांडून पुढे गेली आहे, गाते आहे, भांडते आहे, दौरे करते आहे, एवढं मी सांगितलं. तिच्या कारकिर्दीत बक्षिसं, मोठे मंच सगळं आलं. मार्शाच्या वयाच्या पुढे येऊन काम करत राहणं, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. जिच्याआधी त्या वाटेवर वडीलधारं कुणी शिल्लक नव्हतं, ती आता स्वतः वडीलधारी झाली आहे. काकूंनी ऐकून घेतलं. नंतर त्यांनी मला मेसेज करून अनोनीचं स्पेलिंग विचारलं.

वाट सरळ होती असं मात्र नाही. २०१६ साली प्राण्यांच्या जाती कशा नाहीशा होत चालल्यात यावरच्या 'रेसिंग एक्स्टिंक्शन' या माहितीपटातल्या 'मांटा रे' गाण्यासाठी तिला आणि संगीतकार जे. राल्फला ऑस्करचं नामांकन मिळालं. ऑस्कर नामांकन मिळालेली ही उघडपणे ट्रान्स असलेली फारतर दुसरी व्यक्ती. आधी सत्तरच्या दशकात अँजेला मॉर्ली या ब्रिटिश संगीतकार बाईंना मिळालं होतं. नामांकित पाच गाण्यांपैकी तीन समारंभात सादर होणार, तेही लेडी गागा वगैरे मंडळींची. अनोनीला आणि कोरियन गायिका सुमी जो हिच्या गाण्याला वेळ नाही असं कळलं. यादीत नसलेल्यांसाठी मात्र वेळ होता. अनोनी विमानतळापर्यंत गेली होती, ती तिथूनच परत फिरली. मग तिने एक लांबलचक लेख लिहिला. त्यात तिने म्हटलं की मला मुद्दाम ट्रान्स म्हणून वगळलं असं मी म्हणत नाही, पण ज्यांची नावं विकली जातात त्यांनाच जागा मिळते आणि ही जागा मिळण्या-न मिळण्याची रीत फार जुनी आहे. मला हा लेख आवडतो. आरडाओरडा नाही, हिशोब आहे.

त्याच वर्षी 'होपलेसनेस' आला आणि तिच्या जुन्या चाहत्यांची पंचाईत झाली. पियानो गेला, कानठळ्या बसवणारं इलेक्ट्रॉनिक संगीत आलं. 'ड्रोन बॉम्ब मी' हे गाणं अफगाणिस्तानातल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडी आहे, जिचं कुटुंब ड्रोन हल्ल्यात मेलंय आणि आता तिलाही मरायचंय. सूर मात्र प्रेमगीताचा. '४ डिग्रीज' पृथ्वीचं तापमान चार अंशांनी वाढण्याबद्दल आहे, आणि त्यात ती चक्क वाढू दे म्हणून गाते. उपरोध आहे, पण नुसता नाही. मी विमानातून दौरे करते, म्हणजे माझ्या वागण्याचा अर्थ हाच होतो, असं तिचं म्हणणं. दर वर्षी नेवार्क ते मुंबई तिकीट काढणाऱ्या माझ्यासारखीला हे गाणं डाव्या कानाने ऐकून उजव्या कानाने सोडता येत नाही. ओबामांवरही एक गाणं आहे, कौतुकाचं अजिबात नाही. इथले उदारमतवादी त्यावर बरेच नाराज झाले होते.

त्या अल्बमच्या मैफलीत ती तोंडावर काळी जाळी आणि डोक्यावर टोपडं घालून यायची. चेहरा दिसतच नसे. मागच्या प्रचंड पडद्यावर वेगवेगळ्या बायकांचे चेहरे, प्रत्येकीचे ओठ गाण्याबरोबर हलणारे. आवाज हिचा, चेहरे त्यांचे. कव्हरचीच युक्ती, आता जिवंत.

आणि मग २०२३चा 'माय बॅक वॉज अ ब्रिज फॉर यू टू क्रॉस'. जॉन्सन्स हे नाव तिने या अल्बमसाठी बऱ्याच वर्षांनी परत घेतलं. सोबत जिमी होगार्थची गिटार, संगीत सत्तरच्या दशकातल्या सोलचं, मार्व्हिन गेची आठवण देणारं. बरेचसे आवाज पहिल्याच टेकचे ठेवले आहेत, घासूनपुसून गुळगुळीत केलेले नाहीत. कव्हरवर या वेळी साक्षात मार्शा पी. जॉन्सन, ॲल्व्हिन बॉल्ट्रॉपने काढलेला फोटो. हा ब्रॉन्क्सचा काळा फोटोग्राफर. हडसनच्या मोडक्या धक्क्यांवरची माणसं त्याने वर्षानुवर्षं टिपली, जिवंतपणी गॅलऱ्यांनी त्याला फारसं विचारलं नाही, २००४मध्ये तो गेला. म्हणजे एका कव्हरवर दोन देणी. बँडला नाव दिल्यापासून मार्शाचा चेहरा कव्हरवर यायला पंचवीसेक वर्षं गेली. दरम्यान न्यूयॉर्क राज्याने ब्रुकलिनमधल्या नदीकाठच्या एका उद्यानाला २०२०मध्ये मार्शाचं नाव दिलंय. विल्यम्सबर्गला जाल तेव्हा बघा, मॅनहॅटन समोर छान दिसतं. पाहुण्यांना न्यायला चांगली जागा आहे.

ऐकायला कुठून सुरुवात करावी असं विचाराल तर 'होपलेसनेस'पासून नको, घाबराल. आधी 'यू आर माय सिस्टर' ऐका, मग 'होप देअर्ज समवन'. नंतर थेट २०२३च्या अल्बममधलं 'स्लिव्हर ऑफ आइस'. लू रीड २०१३मध्ये गेला. त्याआधीच्या आजारपणात एकदा त्याच्या जिभेवर बर्फाचा छोटा तुकडा ठेवला होता. त्या गारव्याने आपल्याला किती आनंद झाला ते त्याने अनोनीला सांगितलं होतं. ती गोष्ट तिने दहा वर्षं जपून ठेवली आणि मग तिचं गाणं केलं. गाणं चार मिनिटांचंही नाही. हेडफोन लावून ऐका, गिटार फार हळू आहे.